विद्यार्थी राहणार कुठे? वसतिगृहांचा इतिहास आणि कोकणातले त्यांचे रूप

कोकणातल्या एका महाविद्यालयात नुकतीच रेक्टरपदाची जबाबदारी आलेल्या एका तरुण प्राध्यापकांनी दोन प्रश्न विचारले आहेत. वसतिगृह हा विद्यापीठाचा मूळचाच भाग आहे की पुढे सोयीसाठी जोडला गेलेला, हा पहिला प्रश्न. आणि नियमावली सगळीकडे जवळपास तीच असताना एक वसतिगृह दुसऱ्यासारखे का नसते, हा दुसरा. माझी बहुतेक नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात शिकवण्याबरोबर वसतिगृह सांभाळण्यात गेली, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अनुभवाने आधी कळले आणि पहिल्याचे पुष्कळ वाचनानंतर. तरीही क्रम तुमचाच ठेवतो, कारण दुसऱ्याचे मूळ पहिल्यात आहे.

थोडक्यात सांगायचे तर युरोपातही वसतिगृह विद्यापीठाबरोबर जन्मले नाही आणि आपल्याकडे तर मुळीच नाही. महाराष्ट्रातले वसतिगृह समाजाने जन्माला घातले आणि विद्यापीठाने ते पुढे दत्तक घेतले. दत्तक मुलाला घरात जागा मिळते, पण त्याचे मूळचे वळण जात नाही. आपल्या वसतिगृहांतल्या बऱ्याच चांगल्या आणि काही वाईट सवयी त्या पहिल्या घरातून आल्या आहेत.

या चर्चेत नालंदेचा दाखला नेहमी दिला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तिथल्या उत्खननात मिळालेल्या विहारांची रचना, म्हणजे मधोमध चौक आणि त्याकडे तोंड करून चारी बाजूंना लहान खोल्यांची ओळ, आजच्याही कितीतरी वसतिगृहांशी जुळते. आपल्या उत्तर कोकणात साष्टी बेटावर कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. त्यांतल्या अनेकांत झोपण्याचा दगडी ओटा आहे आणि बाहेर पावसाचे पाणी साठवणारी पोढी आहे. खोली कोरतानाच पाण्याचीही सोय करावी लागते हे त्या पाथरवटांना ठाऊक होते, आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहत बसलेल्या कोकणातल्या कोणत्याही रेक्टरला त्यांचा हेवा वाटावा. परंतु विहारात राहणारे मुख्यतः भिक्षू होते आणि विहार हेच त्यांचे घर होते. तीन-चार वर्षे शिकून परत जाणारा, परक्या गावात तात्पुरता राहणारा विद्यार्थी ही वेगळीच व्यक्ती आहे, आणि तिच्या निवासाचा प्रश्न मध्ययुगीन युरोपातल्या शहरांत प्रथम ठळकपणे उभा राहिला.

बोलोन्या, पॅरिस आणि ऑक्सफर्ड येथे विद्यापीठे आकाराला आली तेव्हा त्यांच्या मालकीची इमारत अशी फारशी नव्हतीच. विद्यार्थी गावात भाड्याने खोल्या घेत, घरमालक भाडे वाढवत, आणि विद्यार्थी व गावकरी यांच्यात मारामाऱ्या होत. ऑक्सफर्डला 1209 साली एका स्त्रीच्या हत्येवरून गावकऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना फाशी दिले, तेव्हा शिक्षक आणि विद्यार्थी गाव सोडून गेले. त्यांतल्या काहींनी केंब्रिज गाठले आणि तिथल्या विद्यापीठाची सुरुवात तिथून मानली जाते. पुढे 1214 साली पोपच्या प्रतिनिधीने समेट घडवला, तेव्हा गावाला जी शिक्षा दिली तिच्यात विद्यार्थ्यांच्या घरांचे भाडे 10 वर्षे निम्मे करावे ही अट होती. विद्यापीठाच्या स्वायत्ततेबद्दल आपण मोठमोठे बोलतो, पण ऑक्सफर्डच्या हक्कांची सनद ज्या कागदापासून सुरू होते त्यात खोलीभाड्याचे कलम आहे, हे मला फार बोलके वाटते.

भाडे न परवडणाऱ्यांसाठी जे झाले ते दानातून झाले. लंडनचा जोस नावाचा एक गृहस्थ जेरुसलेमची यात्रा करून परतताना 1180 साली पॅरिसला थांबला. तिथल्या ओतेल-द्यू या रुग्णालयात गरीब विद्यार्थी झोपत असलेली एक खोली त्याने पाहिली, ती विकत घेतली आणि 18 विद्यार्थ्यांसाठी कायमची लावून दिली. मोबदल्यात त्या मुलांनी एवढेच करायचे होते की रुग्णालयात मरण पावलेल्यांच्या प्रेतापुढे क्रूस आणि पवित्र जल घेऊन आळीपाळीने चालायचे. पॅरिसमधले पहिले कॉलेज ते हेच, असे मानले जाते. रोबेर द सोर्बोंने 1257च्या सुमारास धर्मशास्त्राच्या गरीब विद्यार्थ्यांसाठी घर काढले, त्याचे नाव आज विद्यापीठाला आहे. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजने 1264 साली आणखी एक पाऊल टाकले: निवासाला स्वतःची जमीन आणि तिचे उत्पन्न जोडून दिले, म्हणजे दात्याच्या मर्जीवर दरवर्षी अवलंबून राहायला नको. कॉलेज म्हणजे शिकवण्याची जागा हा अर्थ नंतरचा आहे. आधी ती राहण्या-जेवण्याची सोय होती, आणि शिक्षक तिथेच राहू लागल्यामुळे हळूहळू शिकवणेही तिथे आले.

इंग्लंडमध्ये ही घरे टिकली आणि त्यांतून एक विशिष्ट वास्तुरचना घडली. जुन्या कॉलेजांत लांब मार्गिका नसते. चौकात ठिकठिकाणी जिने असतात आणि प्रत्येक जिन्यावर मजल्यागणिक दोन-चार खोल्या असतात, त्यामुळे विद्यार्थी ओळखला जातो तो जिन्याने. मर्टनचा मॉब क्वॉड हा चौदाव्या शतकातला चौक याचा आजही उभा असलेला नमुना आहे. एकोणिसाव्या शतकात केंब्रिजजवळ स्त्रियांसाठी गर्टन कॉलेज बांधताना मात्र खोल्या मार्गिकेवर काढल्या गेल्या, जेणेकरून मुलींना ऊन-पावसात बाहेर जावे लागू नये आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष राहावे. सुरक्षितता आणि पाळत या दोन्ही गोष्टी एकाच भिंतीत बांधल्या जातात, आणि आराखड्यात त्या एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. दाराचेही तसेच. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमधली मोठी घंटा आजही रात्री 9 वाजून 5 मिनिटांनी 101 टोले देते. एके काळी तो कॉलेजांची दारे बंद होण्याचा इशारा होता. आपल्या वसतिगृहातली रात्रीची हजेरी ही काही आपली खास देशी उपज नाही.

युरोपच्या मुख्य भूमीवर याच्या नेमके उलटे झाले. पॅरिसचे जुने विद्यापीठ फ्रेंच राज्यक्रांतीत 1793 साली बरखास्त झाले आणि त्याबरोबर तिथली कॉलेजेही गेली. बर्लिनला 1810 साली नवे विद्यापीठ निघाले तेव्हा विद्यार्थी हा स्वतःची खोली स्वतः शोधणारा सज्ञान नागरिक आहे, हेच गृहीत होते. म्हणजे एकोणिसाव्या शतकात दोन मार्ग स्पष्ट होते: एक, विद्यार्थ्याला घरात घेणारे विद्यापीठ; दुसरे, त्याच्या घराशी देणेघेणे नसलेले.

भारतात 1857 साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे जी विद्यापीठे निघाली, त्यांच्यासाठी यांपैकी एकही नमुना घेतला गेला नाही. 1854च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक धोरणपत्राने, पुढे ठेवला तो 1836 साली स्थापन झालेल्या लंडन विद्यापीठाचा नमुना, आणि ते विद्यापीठ त्या वेळी फक्त परीक्षा घेऊन पदव्या देणारी संस्था होते. शिकवणे संलग्न महाविद्यालयांकडे, आणि राहणे ज्याचे त्याच्याकडे. मुंबईत राजाबाई टॉवर 1878 साली पूर्ण झाला, त्याच्या पायथ्याशी देखणे ग्रंथालय आले. विद्यार्थ्याने वाचायचे कुठे याचे भव्य उत्तर मिळाले, झोपायचे कुठे याचे मिळाले नाही.

ही पोकळी कोकणातल्या मुलाला सर्वांत जास्त जाणवली असणार, कारण रत्नागिरीत महाविद्यालय सुरू झाले ते 1945 साली. त्याआधी मॅट्रिकनंतर शिकायचे तर बोटीने मुंबई गाठा किंवा घाट चढून कोल्हापूर-पुण्याला जा, याखेरीज गत्यंतर नव्हते. मुंबईत त्याला आधार मिळाला तो गाववाल्यांच्या खोलीचा. गिरगाव, परळ, लालबाग या भागांत एकेका गावातल्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेल्या या खोल्यांत गिरणीकामगार, घरगडी आणि शिपाई पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत, आणि त्यांच्यातच एखादा शिकणारा पोरगा व्हरांड्यातल्या दिव्याखाली बसे. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे गावोगावचे कूड, म्हणजे एकेका गावच्या लोकांची सामाईक बिऱ्हाडे, याच जातीचे. बोलोन्या आणि पॅरिसला परदेशी विद्यार्थी आपापल्या प्रांताप्रमाणे गट करून राहत आणि त्या गटांना विद्यापीठात अधिकृत स्थान होते. आपल्याकडे तसेच गट उभे राहिले, फक्त विद्यापीठाला त्यांची खबरही नव्हती. पुण्यात माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत शिकण्याची रीत होती. ज्याला ब्राह्मण घराची ओटी मोकळी होती त्यालाच ती उपयोगी होती हे उघड आहे, आणि त्या रीतीतले अपमान गिळणाऱ्यांची संख्याही कमी नव्हती. माधुकरीवर शिकणाऱ्या मुलांसाठी 1909 साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले, ते आज पुणे विद्यार्थी गृह म्हणून चालू आहे.

ज्यांना ती ओटी बंद होती त्यांच्या बाबतीत निवास ही शिक्षणाची पूर्वअट होती. इथे महाराष्ट्राचा इतिहास युरोपपेक्षा श्रीमंत आहे आणि आपण तो नीट सांगत नाही. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले; तिथे राहून शिकलेल्या पहिल्या विधवा देवरुखच्या गोदूबाई, ज्यांनी 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. दापोली तालुक्यातल्या मुरूडच्या या कर्व्यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली, 1900 साली तो हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत नेला, आणि 1916 साली त्याच कार्यातून महिला विद्यापीठ उभे राहिले. विद्यापीठाने वसतिगृह काढावे हा नेहमीचा क्रम. इथे आश्रम आधी, विद्यापीठ मागाहून.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1896 साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढून पाहिले, पण व्यवहारात तिथे ब्राह्मण विद्यार्थ्यांचाच भरणा झाला. तेव्हा त्यांनी मार्ग बदलला. 1901 साली मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची बोर्डिंगे निघाली, पुढे मुस्लिम आणि लिंगायत बोर्डिंग, आणि 1908 साली अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहे काढून जात कशी मोडणार, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो. माझे मत असे की एकत्र राहण्याची तयारी नसलेल्या समाजात आधी प्रत्येकाला शहरात पाय टेकायला जागा देणे हे अधिक व्यवहारी होते. भाऊराव पाटील स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले होते आणि साताऱ्याला 1924 साली त्यांनी काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवली आणि आपले जेवण स्वतः रांधत होती. बोर्डिंगची पुढची पायरी ती, आणि तिच्याचमुळे ‘कमवा आणि शिका’ हे नुसते घोषवाक्य राहिले नाही.

मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे या मूळ गावच्या घराण्यातले बाबासाहेब आंबेडकर 1913 साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा काही दिवस हार्टली हॉल या तिथल्या वसतिगृहात आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. तिथे त्यांना खोली मिळण्यात जात आड आली नाही. 1917 साली बडोद्याला नोकरीवर रुजू होताना मात्र त्यांना राहायला जागा मिळेना, आणि पारशी विश्रामगृहात ओळख लपवून मिळवलेली जागाही सोडावी लागली. 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तिच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे 1925च्या जानेवारीत सोलापूरला सुरू झालेले विद्यार्थी वसतिगृह. न्यूयॉर्क आणि बडोदा हे दोन्ही अनुभव ज्याला आले त्याने वसतिगृहाला इतके वरचे स्थान द्यावे यात आश्चर्य नाही.

सरकारी बाजूने या काळात काय झाले? 1904च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयाला संलग्नता देताना, पालकांजवळ न राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निवासाची व्यवस्था आहे का, हे पाहण्याची अट घातली. 1917 ते 1919 या काळात बसलेल्या सॅडलर आयोगाने, म्हणजे कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने, निवासी, स्वतः शिकवणाऱ्या विद्यापीठांचा पुरस्कार केला आणि 1921 साली ढाक्याचे विद्यापीठ तीन निवासी हॉलांसह सुरू झाले. अलीगढला सर सय्यद अहमद खान यांनी केंब्रिज पाहून आल्यावर वसतिगृहाभोवतीच महाविद्यालय रचले होते. मुंबई इलाख्यात डेक्कन कॉलेज आणि फर्ग्युसन यांची वसतिगृहे गाजली ती मात्र आराखड्यामुळे नव्हे. न्यू इंग्लिश स्कूल काढण्याचा बेत टिळक आणि आगरकर यांच्या डेक्कन कॉलेजातल्या चर्चांतून आकाराला आला. 1905 साली विदेशी कापडाची होळी केल्याबद्दल सावरकरांना 10 रुपये दंड होऊन फर्ग्युसनच्या वसतिगृहातून बाहेर काढण्यात आले. तेव्हाचे प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे दापोलीजवळच्या मुर्डीचे, आणि केंब्रिजहून सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, होऊन आलेले. शिक्षा वर्गातून काढण्याची नव्हती, खोलीतून काढण्याची होती. वसतिगृहाची खोली ही संस्थेच्या हातातली सर्वांत जवळची शिक्षा असते, आणि ती वापरण्याचा मोह प्रत्येक रेक्टरला होतो, शक्यतो टाळावा.

रेक्टर कसा असावा याचा माझ्या मनातला नमुना पालगडच्या साने गुरुजींचा आहे. अंमळनेरला शिक्षक असताना त्यांच्याकडे छात्रालय होते. ते मुलांच्या खोल्या न बोलता झाडून ठेवत आणि ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. आजच्या रेक्टरने खोल्या झाडाव्यात असे मी म्हणत नाही, पण रोज मुलांना काहीतरी वाचायला देणे आणि ते स्वतः लिहिलेले असणे याचा परिणाम नोटीसबोर्डावरच्या परिपत्रकापेक्षा निराळा होतो.

आता कोकणाकडे येतो. दापोलीला कृषी विद्यापीठ 1972 साली आणि लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ 1989 साली स्थापन झाले, आणि शतकभर बाहेर जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा ओघ काही प्रमाणात उलटा फिरला. विदर्भ आणि मराठवाड्यातली मुले इथे येऊ लागली. तुमचे वसतिगृह घडते ते या दोन प्रकारच्या मुलांच्या सहवासातून: एक, जो तीस-चाळीस किलोमीटरवरून आला आहे आणि गणपती व शिमग्याला हमखास घरी जातो, दुसरा, ज्याला घरी जायला पूर्ण दिवस आणि रात्र लागते आणि जो गणपतीच्या सुटीत रिकाम्या इमारतीत, बंद मेसच्या शेजारी राहतो. त्या आठ-दहा दिवसांसाठी मेसची वेगळी सोय करणे हे तुमचे पहिले वार्षिक काम समजा.

खोलीवाटप दुसऱ्या कोणावर सोपवू नका. कारकुनाच्या हाती दिले की यादी गुणक्रमे किंवा तालुक्याप्रमाणे लागते आणि चार महिन्यांत मजल्यामजल्यावर प्रांत तयार होतात. पहिल्या वर्षी प्रत्येक खोलीत निदान एक पार्टनर दुसऱ्या विभागातला असावा. तिसऱ्या वर्षी मुलांना आपापला पार्टनर निवडू द्यावा, तोवर त्यांनी काय शिकायचे ते शिकलेले असते. कृषी महाविद्यालयांत वरच्या वर्गातल्यांना ‘सर’ म्हणण्याची आणि ‘इंट्रो’ घेण्याची, म्हणजे ओळख करून घेण्याच्या नावाखाली नव्या मुलांना छळण्याची, जुनी प्रथा आहे. तिचे समर्थन करणारे माजी विद्यार्थी तुम्हाला भेटतील आणि ते सज्जनही असतील, तरी ऐकू नका. महाराष्ट्राच्या 1999च्या रॅगिंगविरोधी कायद्यात 2 वर्षांपर्यंत कैद आणि 10 हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009च्या नियमांनी संस्थेवरच जबाबदारी टाकली आहे. पण कायद्यापेक्षा उपयोगी पडते ते नव्या मुलांना स्वतंत्र इमारतीत किंवा मजल्यावर ठेवणे आणि पहिले दोन महिने रात्री अकराच्या पुढे, वेळ न सांगता, स्वतः फेरी मारणे. रजिस्टरवर सही करून परतणाऱ्या रेक्टरची फेरी मुलांना पाठ असते.

वसतिगृहाच्या स्वभावाबद्दल तुम्ही विचारलेत त्याचे अर्धे उत्तर मेसमध्ये मिळेल. मेस ठेकेदाराकडे असेल तर मुले गिऱ्हाईक होतात आणि तक्रारवही भरते. विद्यार्थ्यांची समिती महिन्याचा खर्च काढून तो हजेरीप्रमाणे वाटत असेल, खाडे लिहिले जात असतील आणि मेस सेक्रेटरी दर महिन्याला बदलत असेल, तर तीच मुले बाजारात जाऊन भाजीचा भाव करतात आणि गॅस वाया गेला तर आचाऱ्याशी भांडतात. या पद्धतीत घोटाळे होतात, हे मान्य आहे. हिशेब दर महिन्याच्या पाच तारखेला भिंतीवर लावला की ते आटोक्यात राहतात. जेवणातला प्रांतवाद मात्र हिशेबाने मिटत नाही. लातूरच्या मुलाला ज्वारीची भाकरी हवी असते आणि त्याला उकडा तांदूळ घशाखाली उतरत नाही. दाभोळच्या मुलाला पहिल्या आठवड्यातच मासळीची आठवण येते. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत सुकट आणि सुके बोंबील मेसमध्ये आले की शाकाहारी मुले वासाने हैराण होतात. यावर तोडगा म्हणजे सुकी मासळी भाजण्याची जागा मुख्य स्वयंपाकघराबाहेर पडवीत काढणे. हा प्रश्न तत्त्वाचा करू नये. कुळथाची पिठी आणि सोलकढी या दोन गोष्टींवर मात्र मी अजून दोन प्रांतांचे भांडण पाहिलेले नाही.

इमारतीविषयी लिहावे तेवढे थोडे. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या दापोलीसारख्या ठिकाणी घाटावरचा आराखडा जसाच्या तसा उतरवला तर सपाट स्लॅब तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात गळू लागतो. त्यावर उपाय म्हणून स्लॅबवर उतरत्या पत्र्यांची शेड घालतात आणि तिच्याखाली मुलांना कपडे वाळवायला जागा मिळते. पावसाळ्यात या जागेचे मोल अभ्यासिकेइतके आहे, कारण ती नसेल तर ओले कपडे खोलीत टांगले जातात आणि गाद्यांना, वह्यांना, अगदी ट्रंकेतल्या प्रमाणपत्रांना बुरशी येते. पत्रे मात्र नीट जखडलेले हवेत. 3 जून 2020च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत पत्रे आणि कौले पानांसारखी उडाली. करोनामुळे वसतिगृहे रिकामी होती म्हणून पुढचा अनर्थ टळला. नैऋत्येकडून झड येते, त्या बाजूच्या व्हरांड्याला पूर्वी नारळाच्या झावळ्यांचे झाप लावत, आता जाड प्लॅस्टिक किंवा पत्रा लावतात. हे काम मे अखेरीपर्यंत संपले पाहिजे. जांभ्याच्या भिंती सुंदर दिसतात, पण न गिलावा केलेल्या सांध्यांत विंचू राहतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून विंचूदंशाचे मृत्यू पुष्कळ घटले, तरी औषध जवळच्या आरोग्य केंद्रात आहे का आणि फुरशाच्या दंशावर लागणारी लस कुठे मिळते, हे रेक्टरला फोन न फिरवता माहीत असावे. एवढा पाऊस पडूनही जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे परीक्षेच्या काळात विहीर तळ गाठते. पावसाळ्याआधी छपराच्या पागोळ्यांखाली टाकी बांधून घेण्याचा प्रस्ताव तुम्ही पाठवाल, तो एकदा नाकारला जाईल, पुन्हा पाठवा.

प्रवेशाच्या नियमांत अंतराची अट असते आणि ती कोकणाला लागू पडत नाही. खाडीच्या पलीकडचे गाव समोर दिसते, नकाशावर ते चार-पाच किलोमीटरवर असते, पण तरीची फेरी संध्याकाळी थांबते आणि रस्त्याने मोठा वळसा पडतो. वाडीवस्तीवर जाणारी शेवटची एसटी पाच-साडेपाचला सुटत असेल, तर दुपारच्या सत्रात प्रात्यक्षिक असलेली मुलगी ते अर्धवट सोडून निघते किंवा महाविद्यालयच सोडते. म्हणून मी अर्जावर किलोमीटरबरोबर शेवटच्या गाडीची वेळ लिहून घेत असे आणि प्रवेश समितीपुढे तोच रकाना आधी वाचत असे. नियमात बसवायला कष्ट पडतात, पण प्राचार्य समजूतदार असतील तर बसते.

मुलींच्या वसतिगृहाच्या दाराची वेळ हा सध्या सर्वांत वादाचा विषय आहे. 2015 साली दिल्लीत विद्यार्थिनींनी याविरुद्ध आंदोलन सुरू केले आणि पुढे तो प्रश्न देशभर गेला. कोकणातल्या गावात आई-वडील मुलीला पाठवतात तेच सात वाजता दार बंद होते या भरवशावर, हे मी नाकारत नाही. परंतु ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडे आणि मुलींचे दार सातला बंद, अशी स्थिती असेल तर संस्थेने निम्म्या विद्यार्थ्यांकडून पूर्ण शुल्क घेऊन त्यांना अर्धे ग्रंथालय दिले असे होते. वेळ ग्रंथालयाशी बांधा, ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंतच्या वाटेवर दिवे लावून घ्या, आणि पालकसभेत पालकांना ती वाट रात्री चालवून दाखवा. विरोध करणारे बहुतेक पालक त्या वाटेवरच गप्प होतात.

राहता राहिला शासनाच्या नव्या धोरणाचा मुद्दा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून राहण्या-जेवण्यासाठी रोख रक्कम दिली जाते, आणि इतर घटकांसाठीही तशा निर्वाहभत्त्याच्या योजना आहेत. शहरात याचा उपयोग होतो. आपल्या किनाऱ्यावरच्या गावांत मात्र घरमालकाला विद्यार्थ्यापेक्षा पर्यटक परवडतो. दिवाळी आणि मे महिन्याच्या हंगामात खोली रिकामी करायला सांगतात आणि सामान पार्टनरच्या खोलीत ठेवून मुले कुठेतरी तात्पुरती झोपतात. तुमच्या महाविद्यालयातले भत्ता घेणारे विद्यार्थी गावात कुठे राहतात याची यादी तुमच्या वसतिगृहाच्या यादीबरोबरच ठेवा; ती कोणी मागणार नाही, पण नव्या इमारतीचा प्रस्ताव लिहाल तेव्हा तिच्याइतका सबळ कागद तुमच्याकडे दुसरा नसेल. जुनी तक्रारवही आणि मागच्या पाच वर्षांचे मेसचे हिशेब पहिल्या आठवड्यातच ताब्यात घ्या, कारण पावसाळा संपेपर्यंत तेही ओले होऊन एकमेकांना चिकटलेले असतील.